काटा खरा की कॅमेरा?



दिवाळीनंतरची गोष्ट. नागपूरला हिच्या भाचीचं लग्न आटोपून आम्ही दोघं गाडीने बरखेड्याला परतलो, त्याला आठ दिवस झाले असतील. दुपारी जेवून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात पुण्याहून चिरंजीवांचा फोन. या वेळेला तो कधी फोन करत नाही, त्यामुळे आधी छातीत धस्स झालं.

"बाबा, नागपूरहून येताना गाडी तुम्हीच चालवत होतात ना?"

"मीच. का रे?"

"चलान आलंय. ओव्हरस्पीडिंग. हजार रुपये."

गाडी घेतली तेव्हा नोंदणीच्या कागदावर मोबाइल नंबर त्याचा दिला होता. मेसेज वगैरे मला वाचता येत नाहीत असं तेव्हा घरातल्या सगळ्यांचं मत होतं. त्यामुळे गुन्हा माझा आणि वर्दी पुण्याला, असा प्रकार झाला. हजार रुपयांचं काही नाही हो. पण त्याचं पुढचं वाक्य मला लागलं. "बाबा, आता एकोणसत्तर झालात. लांबचं ड्रायव्हिंग बंद करा. ड्रायव्हर घेत जा."

मी आणि भेलचा कारखाना एकाच सालचे, १९५६ चे. तेव्हा त्याचं नाव हेवी इलेक्ट्रिकल्स होतं. बाविसाव्या वर्षी मी त्याच्या टेस्टिंगमध्ये लागलो आणि साठाव्या वर्षी तिथूनच बाहेर पडलो. सुरुवातीला सायकल, मग स्कूटर, मग गाडी. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की सायकलींचा जो लोंढा गेटातून बाहेर पडायचा, त्यात ज्याने स्कूटर चालवली त्याला जगात कुठेही गाडी चालवता येते, असं आमच्या पिढीचं ठाम मत आहे. इतक्या वर्षांत एकदाही पावती फाटली नव्हती. आणि आता हे.

"मी साठच्या वर गेलोच नव्हतो," मी ठणकावून सांगितलं. "काटा बघत होतो मी. तुमच्या त्या कॅमेऱ्यात गडबड असेल."

फोन ठेवल्यावर ही आतून म्हणाली, "अहो, काटा कुठला बघताय? वधूपक्षाने पंगतीत मठ्ठा कसा पाणचट केला होता ते सांगत होतात तुम्ही मला."

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

माझी सगळी नोकरी मोजमापाची. आमच्या विभागात भिंतीवरच्या प्रत्येक मीटरवर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असायची : कॅलिब्रेशन केव्हा झालं, पुढचं केव्हा. तारीख उलटून गेलेल्या मीटरचं वाचन कोणी वहीत लिहिलं तर साहेब पान फाडायला लावत. त्यामुळे मला प्रश्न सरळ दिसला. संशयित दोन : एक माझ्या गाडीतला काटा, दुसरा त्या खांबावरचा कॅमेरा. दोघांनाही तपासायचं, आणि मग चिरंजीवांना रीतसर रिपोर्ट पाठवायचा.

आधी चलान नीट वाचलं. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या मंडळातल्या काही जणांकडे असे मेसेज आलेले आहेत. चलान आल्याचा मेसेज आला की त्यातल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. फसवे मेसेज हुबेहूब सरकारी दिसतात, आणि एखादं ॲप उतरवून घ्यायला सांगत असतील तर ते शंभर टक्के चोराचे. परिवहन खात्याचं ई-चलानचं संकेतस्थळ आपण स्वतः उघडायचं, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते पाहायचं, आणि तिथे गाडीचा नंबर टाकून बघायचं. चलान खरं असेल तर तिथे दिसतंच. माझं दिसलं. तारीख, वेळ, ठिकाण. वेगमर्यादा ६०. मोजलेला वेग ७४. खाली दोन फोटो, एक नंबर प्लेटचा जवळून आणि एक सगळ्या रस्त्याचा. ठिकाण होतं वाटेतल्या एका गावाची वस्ती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

७४ म्हणजे चौदा जास्त. काटा एवढा खोटं बोलू शकतो का?

जुन्या गाड्यांतला स्पीडोमीटर ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांना आठवत असेल : गिअरबॉक्सपासून एक फिरती तार वर यायची, तिच्या टोकाला चुंबक, चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी आणि वाटीला स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि वाटी ओढली जाते. स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. आपल्या घरातल्या जुन्या वीजमीटरमध्ये जी चकती गोल फिरायची, तिच्यामागेही हेच भोवरी प्रवाह. मला या यंत्राचं फार कौतुक आहे, पण ते बिचारं स्प्रिंगच्या भरवशावर चालायचं, आणि स्प्रिंग म्हातारी होते.

आताच्या गाड्यांत तार नाही. चाकाजवळचा सेन्सर चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि संगणक त्यावरून वेग काढतो. फेऱ्या मोजण्यात चूक जवळजवळ नसते. चूक शिरते ती पुढे. एका फेरीत गाडी किती पुढे गेली हे गाडीला ठाऊक नसतं. तिने ते गृहीत धरलेलं असतं. टायर नवा असेल तर फेरी मोठी, झिजलेला असेल तर लहान. हवा कमी भरली, मागे चार माणसं आणि लग्नाच्या साड्यांच्या बॅगा असल्या, तरी थोडा फरक पडतो.

इथेच मला माझा गुन्हेगार सापडला असं वाटलं. नागपूरला जायच्या आधीच मी चारही टायर नवे घातले होते! नव्या टायरवर नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचा. माझे जुने टायर त्या हद्दीला आलेले होते. म्हणजे नव्या टायरचा व्यास बारा-तेरा मिलिमीटरने जास्त. टायरचा व्यास सहाशे वीसच्या आसपास. टक्केवारी काढली : दोन. साठच्या वेगाला दोन टक्के म्हणजे सव्वा किलोमीटर.

चौदा हवे होते, मिळाले सव्वा.

(हौशी पोरं मोठी अलॉय चाकं आणि जाड टायर बसवून घेतात, त्यांच्या बाबतीत हा फरक पाच-सात टक्क्यांवर जाऊ शकतो. त्यांच्या काट्यावर त्यांनीही विसंबू नये आणि आपणही त्यांच्या गाडीत बसताना विसंबू नये.)

त्याहून मोठा धक्का पुढे होता. स्पीडोमीटर मुळातच जास्त वेग दाखवतील असे बनवतात, हे मला ढोबळ माहीत होतं. आकडे पाहिले नव्हते. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम, जो युरोपासह कित्येक देश पाळतात, सांगतो की काट्याने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असला तर चालेल. खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर, इथपर्यंत. म्हणजे गाडी खरोखर ६० ने जात असेल तर काटा ६० पासून ७० पर्यंत काहीही दाखवो, तो पास. ५९ दाखवला तर नापास. कारण उघड आहे : टायर नवा की जुना, हवा किती, हे कंपनीच्या हातात नाही, म्हणून ती चूक ठरवून एकाच बाजूला ढकलते. आपली बायको घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवते ना, तसंच. आपल्याकडे स्पीडोमीटर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचा आहे, आणि इथल्या गाड्यांचे काटेही सहसा पुढेच धावतात. मात्र काटा पुढे म्हणून किलोमीटरही जास्त मोजले जातात असं नाही. तो हिशेब वेगळा असतो, आणि बहुतेक बरोबर असतो.

तरी ग्रंथात लिहिलेलं वेगळं आणि माझी गाडी वेगळी. चाचणी झाल्याशिवाय रिपोर्ट नाही.

एका रविवारी पहाटे आम्ही निघालो. हिला मी 'भोजपूरला महादेवाचं दर्शन' असं सांगितलं होतं, आणि ते झालंही, पण नंतर. मंडीदीप मागे टाकून ओबेदुल्लागंज गाठलं. तिथून सरळ नर्मदापुरमकडे गेलं की घाट आणि जंगल लागतं, आणि तिकडे रेल्वेचं एक दुसरंच बरखेडा स्टेशन आहे, ज्यावरून नव्या पाहुण्यांचा हमखास घोळ होतो. आम्ही जबलपूरकडे वळणारा रस्ता धरला. तो बराच सरळ आहे आणि सकाळी साडेसहाला मोकळा.

पद्धत साधी. राष्ट्रीय महामार्गावर दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा दगड असतो. काटा साठवर धरून ठेवायचा, एका दगडापासून घड्याळ सुरू करायचं, पाचवा दगड गेला की थांबवायचं. एक दगड मागेपुढे रोवलेला असला तरी पाच किलोमीटरात ते मिसळून जातं. गाडी मी चालवत होतो, घड्याळ आणि वही हिच्याकडे. फोन डॅशबोर्डवर, त्यात नकाशावर वेग दिसतो तो उपग्रहावरून मोजलेला. सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना तो चांगला विश्वासू असतो. (वेग भरभर कमीजास्त केला तर तो मागे पडतो, आणि बोगद्यात गप्प बसतो.)

पहिली फेरी : काटा ६०, पाच किलोमीटर, ५ मिनिटं १५ सेकंद. ३१५ सेकंदांत पाच किलोमीटर म्हणजे ताशी ५७.१. फोन म्हणत होता ५७.

परतीची फेरी : काटा ८०, पाच किलोमीटर, ३ मिनिटं ५६ सेकंद. ताशी ७६.३. फोन ७६.

हीने वही माझ्यापुढे धरली. "काय निघालं?"

निघालं ते असं. माझा काटा सुमारे पाच टक्के पुढे धावतो, नवे टायर घालूनसुद्धा. कॅमेऱ्याने ७४ मोजले असतील, तर त्या क्षणी माझा काटा ७८ च्या जवळपास होता. साठवर असता तर कॅमेऱ्याला ५७ दिसले असते. काट्याने मला फसवलं नव्हतं. काटा मला चारने अगाऊ सावध करत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

आणखी एक खोच कळली. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांत वेगाचा इशारा सक्तीचा आहे : ८० च्या वर गेलात की गाडी मधूनमधून वाजते, १२० च्या वर सतत वाजत राहते. माझी गाडी २०२० ची, तिच्यात हे आहे, आणि मी मनात धरून बसलो होतो की गाडी वाजली नाही म्हणजे मी मर्यादेत होतो. काटा ७८ वर, वाजेल कशी? तिला महामार्गाचे ऐंशी ठाऊक, गावच्या पाटीवरचे साठ नाहीत.

पहिला संशयित सुटला. उरला कॅमेरा.

कॅमेऱ्याबद्दल आपल्या बरखेडावाल्यांनी फार दूरचं असल्यासारखं बोलू नये. राज्यातल्या सात स्मार्ट सिटींसाठी जे सामायिक नियंत्रण केंद्र २०१८ मध्ये उभं राहिलं, ते आपल्या शेजारी गोविंदपुऱ्यातच आहे. भाजी आणायला विजय मार्केटला जाता येता चौकातल्या खांबावर जे डोळे दिसतात, त्यातल्या काहींची नजर इथेच पोचते. माझं चलान शहराबाहेरचं, त्याचा या केंद्राशी संबंध नाही. पण यंत्राची जात तीच.

वेग मोजायच्या यंत्रामागची गंमत अशी की ते यंत्र शर्यतीतल्या माणसाने बनवलं. मॉरिस गॅटसोनिडेस हा डच रॅली ड्रायव्हर, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हे कळावं, म्हणजे आणखी जोरात जाता येईल, म्हणून त्याने मोजायचं साधन तयार केलं. तेच पुढे पोलिसांच्या हाती गेलं आणि त्याच्या कंपनीचे कॅमेरे जगभर लागले.

रडारचं तत्त्व आपण सगळ्यांनी रेल्वे फाटकावर कानाने अनुभवलंय : गाडी जवळ येताना शिटी बारीक, लांब जाताना जाड. रडार रेडिओलहर सोडतं, ती गाडीवर आपटून परत येते तेव्हा तिची वारंवारता बदललेली असते. चोवीस गिगाहर्ट्‌झच्या रडारला ताशी एक किलोमीटरमागे जवळजवळ ४५ हर्ट्‌झचा फरक दिसतो. माझ्या ७४ ला तेहतीसशे हर्ट्‌झ. हा फरक मोजणं माझ्या काळातल्या साध्या उपकरणांनाही जड नव्हतं. रडार रस्त्याच्या कडेला तिरकं उभं असतं, त्यामुळे चूक होईल असं मला वाटलं होतं. तर तिरकेपणाने दिसणारा वेग उलट कमी होतो. कोनाचा हिशेब धरला नाही तर फायदा ड्रायव्हरचाच. लेझरवाली बंदूक वेगळी, ती प्रकाशाचे झटके मारून अंतर पुन्हा पुन्हा मोजते.

तिसरी जात सगळ्यात साधी आणि चुकवायला सगळ्यात अवघड. चिरंजीव नेहमी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जातात. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या त्या रस्त्यावर जुलै २०२४ पासून नवी यंत्रणा आहे, आणि ती दोन कमानींमधला सरासरी वेगही काढते. समजा दोन कमानींत दहा किलोमीटर आहेत आणि मर्यादा शंभरची. तुम्ही सहा मिनिटांच्या आत पोचलात की संपलं. कमानीखाली ब्रेक मारून उपयोग नाही. तिकडे मोटारीला दंडही दोन हजारांचा. यात ना रडार ना लेझर. माझे पिवळे दगड आणि हिचं घड्याळ, तेच.

आता कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम-जड वाहनांना दोन ते चार हजार दंड आहे. पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. त्याच कलमात एक जुनी, फार शहाणी तरतूद आहे : 'मला वाटलं गाडी जोरात होती' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी धरता येत नाही, ते मत यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेलं पाहिजे. आणि यंत्राचं काय? त्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. वेग टिपणाऱ्या यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवं करून घ्यावं लागतं. कॅमेरा आहे याची पाटी आधी दिसेल अशी लावावी लागते. नोटिशीत फोटो, मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम द्यावं लागतं, आणि ती घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवावी लागते.

दर वर्षीचं प्रमाणपत्र! ते वाचून मला भिंतीवरच्या मीटरची ती चिठ्ठीच डोळ्यांपुढे आली. ज्यांना खरोखर चुकीचं चलान आलंय, म्हणजे गाडी दुसऱ्याची, नंबर सारखा दिसणारा, किंवा गाडी त्या दिवशी घरीच, त्यांनी गप्प बसून पैसे भरू नयेत. फोटोतली गाडी आपल्या रंगाची आणि आपल्या मॉडेलची आहे का ते आधी बघावं, तक्रार करावी, आणि गरज पडली तर कोर्टात यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख विचारावी. तो आपला हक्क आहे. मीही विचारणारच होतो. अर्जाचा मसुदासुद्धा तयार केला होता, 'सदर यंत्राच्या अंशशोधनाबाबत' असा झकास विषय घालून.

अर्जाला जोडायचा म्हणून तो रस्त्याचा फोटो मोठा करून पाहिला. फोटोत लांबवर पाटी दिसत होती का, हे शोधत होतो. पाटी दिसली. गोल, लाल कडा, आत साठ. मी ती पाहिली नव्हती.

आणि पाटीच्या खाली, रस्त्याच्या कडेला, एक मुलगी होती. दहा-बारा वर्षांची असेल. शाळेचा गणवेश, सायकलवर बसलेली, एक पाय जमिनीला टेकलेला. रस्ता ओलांडायला थांबली होती आणि माझ्या गाडीकडे बघत होती.

मी तिला पाहिलं नव्हतं. पाहून विसरलो असं नाही. वस्ती आठवते, चहाची टपरी आठवते, मठ्ठ्याची गोष्ट तर आठवतेच. मुलगी नाही.

मी वही ओढली. एकोणसत्तराव्या वर्षी ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागतो असं धरलं. हे मी स्वतःला सवलत देऊनच. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक. साठच्या वेगाने दीड सेकंदात गाडी २५ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर. थांबते ४५ मीटरवर. चौऱ्याहत्तरच्या वेगाने दीड सेकंदातच ३१ मीटर जातात, आणि मग ब्रेकचे ३०. एकसष्ट मीटर. इथपर्यंत ठीक. मग मी दुसरं गणित केलं, जे खरं तर करायला नको होतं. साठची गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्या जागी चौऱ्याहत्तरच्या गाडीचा वेग किती असतो?

चौपन्न.

तीनदा केलं. दर वेळी चौपन्नच. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे मी पोरांना शिकवणीत शिकवलेलं आहे. ७४ चा वर्ग आणि ६० चा वर्ग यांत दीडपटीहून जास्त फरक आहे, हे तोंडी सांगता येतं. पण त्या पाटीखाली ते गणित उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात, आणि अपघातांच्या संख्येत आपलं मध्य प्रदेश देशात दुसरं. पेपरात असे आकडे वाचून आपण पान उलटतो. मीही उलटलं होतं.

हिला फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला, काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपली अनू एवढीच आहे." अनू म्हणजे आमची नात, पुण्याची.

अर्ज पाठवला नाही. हजार रुपये भरले, पावती काढून ठेवली. मग चिरंजीवांना फोन लावला. रिपोर्ट द्यायचा होता ना.

"काटा पाच टक्के पुढे आहे," मी म्हणालो. "कॅमेरा बरोबर होता."

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "बाबा, मलाही गेल्या वर्षी दोन आली होती. एक्स्प्रेसवेवर. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"दोन?"

"दोन."

"मग ड्रायव्हर तू घे," मी म्हणालो. तो हसला, पण मी त्याला फोटो पाठवला आणि गणितही पाठवलं. रात्री त्याचा मेसेज आला, त्यात फक्त '५४?' एवढंच होतं. मी 'होय' लिहिलं.

लांबच्या ड्रायव्हिंगचा प्रश्न निकाली निघाला असं म्हणता येणार नाही. आमचं सध्या असं ठरलंय : डोळ्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी, रात्री गाडी चालवायची नाही, दोन तासांनी थांबायचं, आणि वस्ती लागली की गप्पा बंद. पाट्या वाचायचं काम हिच्याकडे. ही एक चूक झाली असं मला कधीकधी वाटतं, कारण ती पाट्या नुसत्या वाचत नाही, मोठ्याने जाहीर करते, आणि 'हॉर्न मत बजाइए'सुद्धा सोडत नाही. पुढच्या वर्षी पुण्याला पुन्हा माझी चाचणी घ्यायची असं चिरंजीव म्हणतात. मी म्हटलं, घ्या. आमच्याकडे दर वर्षी चिठ्ठी बदलायचीच पद्धत होती.

गेल्या महिन्यात पुन्हा नागपूरला जायचा योग आला. मुलताई, पांढुर्णा, सावनेर, सगळं नेहमीसारखं. परत येताना ते गाव आलं. टपरी तिथेच होती. सकाळची वेळ, शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

"साठ," ही म्हणाली.

काटा बासष्टवर होता, म्हणजे खरा वेग एकोणसाठ. ते तिला समजावून सांगायच्या फंदात मी पडलो नाही. पाय उचलला.